झटका देण्याआधी



माझी बरीचशी नोकरी तोफखान्यात गेली आणि निवृत्तीनंतर आम्ही महूला स्थायिक झालो. इंदूर-महूकडची मराठी मंडळी ऐकत असतील, तर हा रस्ता त्यांच्या ओळखीचा आहे. चार वर्षांपूर्वी, ऑगस्टमधल्या एका रविवारी, आम्ही जानापावच्या डोंगरावरून परत येत होतो. मी, माझी पत्नी आणि सात वर्षांचा नातू. पाऊस नुकताच थांबला होता. रस्त्याच्या कडेला सोयाबीनच्या शेतात एक मोठी एसयूव्ही पोटापर्यंत रुतलेली दिसली. चार तरुण मुलं हात करत होती.

मी थांबलो. सैन्यात आयुष्य घालवलेला माणूस थांबणारच, आणि खरं सांगायचं तर थोडी ऐटही होती. डिकीत तारेचा दोर होता, दोन्ही टोकांना आकडे. वेष्टणावर ‘3 टन’ असं छापलेलं.

अनोळखी माणसाला मदत करण्याचा धोका म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लुटारू येतात. गाडी अडकल्याचं नाटक करून लुटतात वगैरे. तसं होतंही. रात्री निर्मनुष्य जागी एकटे असाल तर उतरू नका, काच थोडी खाली करून विचारा, पोलिसांचा 112 नंबर फिरवा, पुढच्या ढाब्यावर सांगा. त्यावर मी जास्त बोलत नाही, कारण ते तुम्हाला माहीत आहे. ती चार मुलं अगदी सज्जन होती. धोका माझ्या डिकीत होता.

एक मुलगा म्हणाला, “अंकल, आप बस एक झटका दो, निकल जाएगी।” त्यानेच आकडा घेतला आणि त्यांच्या गाडीखाली कुठेतरी अडकवला. कुठे, ते मी वाकून पाहिलं नाही. चिखल होता, माझे गुडघे दुखत होते. मी गाडीत बसलो. तेवढ्यात पत्नी म्हणाली, “आम्ही उतरतो.” मी म्हटलं, कशाला, एका मिनिटाचं काम आहे. ती ऐकेना. नातवाला घेऊन पलीकडच्या लिंबाखाली जाऊन उभी राहिली.

पहिल्यांदा हळूच ओढलं, गाडी हलली नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा मी दोन-तीन पावलं मागे आलो, दोर सैल केला आणि गाडी पळवली. तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. मागची काच फुटली आणि तो आकडा, वाकलेल्या लोखंडी कडीसकट, मागच्या सीटच्या हेडरेस्टमध्ये रुतून बसला. नातवाची पाण्याची बाटली त्याच सीटवर होती.

आता हा हिशोब ऐका. गोलंदाज असून मी तो त्या दिवशी केला नाही. माझी गाडी साधारण 1700 किलोची. ताशी 10 किलोमीटर, म्हणजे धावत्या माणसाएवढाच वेग. तारेचा दोर जवळजवळ ताणलाच जात नाही. समजा गाडी 10 सेंटीमीटरच्या आत थांबली, तर दोरावर सरासरी साडेसहा टनांपेक्षा जास्त ओढ येते. क्षणिक ओढ त्याहूनही मोठी. आणि माझ्या दोरावर लिहिलेलं होतं 3 टन!

दोर तुटला नाही, तो आकडा जिथे अडकवला होता ती कडी तुटली. गाडीच्या पोटाखाली अशा कड्या असतात. गाडी ट्रेलरवर बांधून नेण्यासाठी त्या असतात, ओढण्यासाठी नाहीत. ओढण्याचा खरा हूक बहुतेक गाड्यांत टूलकिटमध्ये सुटा ठेवलेला असतो. बंपरवर एक लहान चौकोनी झाकण असतं, ते काढून तिथे हा हूक पिळून बसवायचा. काही गाड्यांत आटे उलटे असतात, डावीकडे फिरवावे लागतात. तोही बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर सरळ ओढण्यापुरता. चिखलात पोटापर्यंत गेलेल्या गाडीला तिरपा झटका देण्यासाठी नाही.

आता यात लाज वाटण्यासारखी गोष्ट सांगतो. हे सगळं मला पंचवीस वर्षांपूर्वी एका हवालदाराने शिकवलं होतं.

राजस्थानच्या वाळवंटात आमच्या गाड्या आणि तोफा रुतायच्या. ईएमईची रिकव्हरी टोळी यायची. त्यातला एक हवालदार आला की आधी दहा मिनिटं गाडीभोवती नुसता फिरायचा. मी तरुण अधिकारी, घाई करायचो. तो म्हणायचा, “साहब, गाड़ी कहीं भाग नहीं रही।” मग फावडी. चाकांपुढची वाळू काढायची, पोट मोकळं करायचं. टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूवर तरंगल्यासारखा चालतो. अर्ध्याहून जास्त वेळा गाडी तिथेच, दोर न लावता निघायची.

रिकव्हरीवाल्यांचा एक ढोबळ आडाखा असतो. चाकं बुडेपर्यंत रुतली असेल तर गाडीच्या वजनाइतकी ओढ लागते. मडगार्डपर्यंत गेली की दुप्पट. म्हणजे त्या एसयूव्हीला, दोन टन धरा, चार टन ओढ हवी होती, आणि मी पावणेदोन टनांची गाडी घेऊन ओल्या काळ्या मातीच्या कडेला उभा होतो. काळी माती पाणी प्यायली की चाकाला धरते, सोडत नाही. दोन फावडी माती काढली असती तर तो आकडा निम्म्यावर आला असता.

दोर लावायची वेळ आलीच, तर हवालदार आधी सगळ्यांना लांब हाकलायचा. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतर. दोरावर मधोमध ओली ताडपत्री किंवा घोंगडी टाकायचा, म्हणजे तुटला तर उसळी कमी. आणि इशारे देणारा माणूस एकच. दहा जण ‘येऊ द्या, येऊ द्या’ ओरडणारे नाहीत. हल्ली ताणला जाणारा नायलॉनचा दोर मिळतो. हळूहळू ओढ देतो, चांगला आहे. पण ताणलेल्या दोरात साठलेली शक्तीही मोठी असते. कडी तुटली तर ती गोफणीतल्या दगडासारखीच येणार.

परत त्या शेतात येऊ. आवाज झाल्यावर मुलं आधी घाबरली, मग त्यांनी आपल्या गाडीकडे पाहिलं. बंपर लोंबत होता. पाच मिनिटांत सूर बदलला. “आपने गाड़ी तोड़ दी।” एक जण मोबाईलवर चित्रण करू लागला. मला राग आला, पण आज विचार करतो तर त्यांचं सगळंच चूक नव्हतं. दोर माझा होता, झटका मी दिला होता. शेवटी ज्याने त्याने आपापलं नुकसान सोसावं असं ठरलं.

यावर काही जण मला म्हणाले, मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे ना? आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 134 अ हे कलम आलं. पण ते अपघातातल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्यासाठी आहे. चिखलात रुतलेल्या गाडीचा बंपर त्यात येत नाही. त्यामुळे आता मी दोर काढण्याआधी स्पष्ट विचारतो, गाडीचा मालक कोण, आणि काही तुटलं तर कोणाचं? आकडा कुठे लावायचा हे त्यानेच माहितीपुस्तिकेत पाहून दाखवायचं, आणि मी वाकून बघायचं. विचित्र वाटतं, थोडं उद्धटही वाटतं. पण मोबाईलवर त्याचं ‘हो’ रेकॉर्ड करून घ्यायलाही मी लाजत नाही.

आणि नाही म्हणायलाही शिकलो. नाही म्हणजे सोडून जाणं नाही. माझ्याकडे फावडं आहे, पाणी आहे, फोन आहे, गावातल्या ट्रॅक्टरवाल्याचा नंबर मिळवून देता येतो, तो येईपर्यंत सोबत थांबता येतं.

मागच्या पावसाळ्यात त्याच रस्त्यावर एक कुटुंब व्हॅनसकट अडकलं होतं. गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला, “रस्सी है क्या?” मी म्हटलं, “है। पहले खोदेंगे।” त्यांना ते आवडलं नाही. पाऊण तास आम्ही दोघांनी माती उपसली, चाकांखाली दगड आणि तुऱ्हाट्या घातल्या, टायरची हवा थोडी सोडली. व्हॅन आपल्या पायांनी बाहेर आली. हवा भरायला पंप पुढे कुठे आहे ते सांगितलं, तोपर्यंत सावकाश चालवा म्हटलं. त्यांच्या पत्नीने आम्हाला मक्याची भाजलेली कणसं दिली.

नातू त्या दिवशीही बरोबर होता. गाडी थांबल्याबरोबर तो उतरला आणि पलीकडे झाडाखाली जाऊन उभा राहिला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.