शंखातल्या खेकड्याला सावरू द्या



शंखात राहणारा खेकडा मुलं दुकानातून मोठ्या हौसेनं घरी आणतात. एक-दोन दिवस तो फिरतो, मग शंखात शिरतो तो बाहेर येतच नाही. एखाद्याचे पायही गळतात. घाबरून मुलं त्याला हलवतात, पाण्यात बुडवतात, ओढून बाहेर काढू पाहतात. नेमकं हेच करायचं नाही.

हा खेकडा जमिनीवर राहतो, पण श्वास कल्ल्यांनी घेतो. कल्ले ओलसर असतील तोवरच त्याला हवेतला प्राणवायू मिळतो. त्याला साधारण 75 ते 80 टक्के आर्द्रता लागते. आपल्या छत्रपती संभाजीनगरात एप्रिल-मेच्या दुपारी ती 25 टक्क्यांच्याही खाली जाते. आधीच प्रवासानं खचलेला जीव अशा हवेत हळूहळू गुदमरतो.

म्हणून जाळीचा पिंजरा नको. काचेची टाकी घ्या, वर काचेचं झाकण ठेवा. तळाला किमान सहा इंच ओलसर वाळू घाला. मुठीत दाबली तर तिचा गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये. तापमान 24 ते 28 अंश असू द्या. टाकी उन्हात ठेवू नका, कूलरच्या झोतासमोरही नको.

आत दोन वाट्या ठेवा, एक गोड्या पाण्याची, एक खाऱ्या. त्याला दोन्ही लागतात. आपल्याकडे जायकवाडीचं पाणी क्लोरीन घालून नळाला येतं. त्यात मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे क्लोरीन घालवणारे थेंब टाका. खाऱ्या पाण्यासाठी तिथलंच समुद्री मीठ वापरा, स्वयंपाकातलं नको. खायला बिनमिठाचं उकडलेलं अंडं, खोबरं, फळाची फोड द्या. कवचासाठी समुद्रफेसाचा तुकडा ठेवा. शेजारी न रंगवलेले, थोडे मोठे रिकामे शंखही ठेवा.

एवढं केलं की हात लावू नका. खेकडा स्वतःला वाळूत गाडून घेईल आणि कित्येक आठवडे दिसणार नाही. तिथे तो कात टाकतो, आणि गळलेले पाय पुढच्या कातींबरोबर परत येतात. उकरून काढलात तर त्याचं मऊ, नवं अंग फाटतं. वाळूवर पडलेलं पोकळ कवच पाहून तो मेला असं समजून फेकूही नका. ती नुसती कात असू शकते. मेलेल्याला सडक्या मासळीचा उग्र वास सुटतो, तो लपत नाही.

सुट्टीत कोकणात जाणाऱ्यांना एक विनंती. हरिहरेश्वरच्या खडकांत, भरती-ओहोटीच्या डबक्यांत दिसणारे शंखातले खेकडे समुद्राच्या पाण्यात राहणारे असतात. डब्यात घालून घाटावर आणले तर ते जगत नाहीत. त्यांना तिथेच पाहा. रिकामे शंखही उचलू नका. तीच त्यांची उद्याची घरं आहेत.

आणि ज्यांनी अजून खेकडा आणलेला नाही, त्यांनी आणू नये. त्याची पिल्लं समुद्रात वाढतात, घरच्या टाकीत सहसा वाढत नाहीत. म्हणून विकायला ठेवलेला जवळपास प्रत्येक खेकडा कुठल्यातरी किनाऱ्यावरून उचललेला असतो. नीट सांभाळला तर तो वीस-तीस वर्षंही जगू शकतो. ज्यांनी आणला आहे, त्यांनी तेवढ्या वर्षांची जबाबदारी घेतली आहे. ती मनापासून पार पाडा.