कापलेलं जोडता येतं
(बारामतीत तरुणांपुढं केलेलं भाषण)



मी गोदीत ओझी वाहणारा, मॅट्रिक शिकलेला. गाव इंदापूर. आमच्या वस्तीत बाप लोक वर्गणी काढून रात्रीपुरता व्हिडिओ भाड्यानं आणायचे. त्यात ‘शोले’ हवाच.

अमेरिकन वेस्टर्नच्या साच्यातला ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ ला आला. आणीबाणी होती. हात तोडलेला ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारतो, हा मूळ शेवट सेन्सॉरनं बदलायला लावला. पोलीस आणून उभे केले. कायदा शाबूत दिसला पाहिजे ना! मूळ शेवट पुढं कॅसेटवर, डीव्हीडीवर निघाला. २०२५ मध्ये मोठ्या पडद्यावरही आला.

चांगलं झालं. पण दोन्ही शेवट ठाकुराचेच. रामगढात मंदिर दिसतं, मशीद दिसते, पाण्याची टाकी दिसते. महारवाडा कुठाय? त्या टाकीचं पाणी आम्हाला मिळत होतं का? कापलेलं रीळ जोडता येतं. जे घेतलंच नाही ते कुठनं जोडणार?

अमेरिकेत १९७० लाच ‘लिटल बिग मॅन’नं कॅमेरा फिरवला, शायेन लोकांच्या तळात नेला. आपल्याकडं उजनीच्या पाण्यापल्याड, करमाळ्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेनं २०१३ ला ‘फँड्री’ केला. शेवटी जब्याचा दगड सरळ प्रेक्षकावर येतो. असला शेवट कुठल्या ठाकुराला सुचला नसता.

पोरांनो, कॅमेरा आज खिशात आहे. वस्तीकडं वळवा.