विलर्डच्या माळ्यावरील पेट्या



आज आपण अमेरिकेतील एका बंद पडलेल्या मनोरुग्णालयाच्या आवारातून मनाने फिरून येऊ. न्यूयॉर्क राज्यात सेनेका सरोवराच्या काठी विलर्ड येथे हे रुग्णालय १८६९ साली सुरू झाले. त्यापूर्वी गरीब मनोरुग्णांना सरकारी गरीबखान्यांत डांबून, कित्येकदा साखळदंडाने बांधून ठेवीत. डॉ. सिल्व्हेस्टर विलर्ड यांनी ही दुर्दशा सरकारपुढे मांडली आणि त्यातून हे रुग्णालय उभे राहिले. म्हणजे त्याचा पाया करुणेचाच होता, हे आपण विसरू नये.

परंतु साखळी सुटली, तरी घरची वाट मोकळी झाली नाही. सव्वाशे वर्षांत पन्नास हजारांहून अधिक रुग्ण तेथे आले. त्यांतील जवळजवळ निम्मे तेथेच मरण पावले.

१९९५ साली रुग्णालय बंद होताना एका इमारतीच्या माळ्यावर चारशेहून अधिक पेट्या सापडल्या. रुग्णांनी येताना आणलेल्या. आत कपडे, फोटो, पत्रे. आपण परत जाणार, या आशेनेच माणूस पेटी भरतो ना?

जवळच दफनभूमी आहे. पाच हजारांहून अधिक कबरी. पण त्यांवर नावे नव्हती, केवळ क्रमांक होते. लॉरेन्स मोचा नावाच्या रुग्णाने त्यांतील सुमारे पंधराशे कबरी आपल्या हातांनी खोदल्या. १९६८ साली तो वारला, तेव्हा त्यालाही नावाचा दगड मिळाला नाही. तो २०१५ साली मिळाला.

मित्रहो, विनयपिटकातील आजारी भिक्खूची कथा आपणांस ठाऊक आहे. तो स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. आपला संघाला काही उपयोग नाही, म्हणून कोणी शुश्रूषा करीत नाही, असे त्याने सांगितले. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः न्हाऊ घातले आणि मंचकावर निजविले. उपयोग पाहून माणसाची किंमत ठरवायची नाही, हा त्या कृतीचा अर्थ आहे.

आपल्या देशाच्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम १९ हेच सांगते : केवळ कुटुंब स्वीकारत नाही म्हणून कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही. कायदा झाला, पण दार उघडायचे आहे ते आपल्याला. आपल्या वस्तीतील असा कोणी बरा होऊन परतला, तर त्याला 'वेडा' म्हणू नका. नावाने हाक मारा. त्याला विहारात आपल्या शेजारी बसवा. मंडळाच्या कल्याणकार्याची सुरुवात येथूनच होवो.

जय भीम! नमो बुद्धाय!