विमान उडण्याआधी कोण बघतं?



मागच्या वेळी आपण अंतर्गत कर्जाच्या नोंदीवर बोललो. आज विषय विमानाचा आहे. "बाई, आपलं विमानाशी काय देणंघेणं?" असं आमच्या बैठकीत एकीनं विचारलंच. पण बारामती-इंदापूरच्या बाईनं असं विचारू नये. आपण उसात खुरपत असतो आणि डोक्यावरून ते छोटं विमान घरघरत जातं. इतक्या वेळा जातं, की आता कुणी मान वर करून बघतही नाही. बारामतीच्या धावपट्टीवरून पायलट व्हायला आलेली मुलंमुली उडायला शिकतात, त्यांची ती विमानं.

२५ जुलै २०२२, सोमवार. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत असंच एक विमान शेतात कोसळलं. आत २२ वर्षांची मुलगी, एकटीच. बारामतीहून निघालेली. गावातली माणसं धावली, तिला दवाखान्यात नेलं. लागलं होतं, पण जीव वाचला. मला त्या दिवशी सारखं वाटत होतं, हिच्या आईला फोन कुणी केला असेल?

पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात चार दिवसांत दोन अपघात झाले. १९ तारखेला कटफळजवळ आणि २२ तारखेला गोजुबावीजवळ. दोन्ही विमानं रेडबर्ड या एकाच प्रशिक्षण संस्थेची. माणसं जखमी झाली, पण वाचली. सहा महिन्यांत त्या संस्थेच्या विमानांचे पाच प्रसंग झाले म्हणून सरकारनं तिचं उड्डाण प्रशिक्षण थांबवलं, आणि फक्त बारामतीचं नाही, तिच्या सगळ्या ठिकाणचं.

हे थांबवणारं कार्यालय म्हणजे डीजीसीए, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. विमान धड आहे का, पायलट तयार आहे का, दुरुस्ती नीट झाली का, हे बघणं त्यांचं काम. विमानात कुणी बॉम्ब-हत्यार नेऊ नये, यासाठी दुसरं कार्यालय आहे, बीसीएएस. मराठीत दोन्हीला आपण 'सुरक्षा'च म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. विमानतळावर बॅग तपासतात ती एक सुरक्षा, विमानाचा नटबोल्ट तपासतात ती दुसरी. आज मी नटबोल्टाचं बोलणार आहे.

करोनात काय झालं ते आठवा. २४ मार्च २०२०च्या रात्री देशातली प्रवासी विमानं थांबली. दोन महिन्यांनी, २५ मेला, थोडी थोडी सुरू झाली. परदेशी जाणारी नेहमीची विमानं तर २७ मार्च २०२२ला पूर्ववत झाली. म्हणजे विमानं कितीतरी काळ नुसती उभी. आणि उभं राहिलेलं यंत्र कसं बिघडतं हे तुम्हाला मी काय सांगू? चार महिने बंद ठेवलेली विहिरीवरची मोटर पहिल्या बटणाला चालू झालीय का कधी?

विमानाला बाहेरून एक बारीक नळी असते, तिच्यात येणाऱ्या हवेवरून वेग कळतो. उभ्या विमानाच्या या नळीत किडे घरं करतात. आपल्याकडे कुंभारीण माशी कुलपाच्या भोकात चिखल भरते ना, तसंच. नळी बुजली की पायलटला वेग चुकीचा दिसतो. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेनं २०२०मध्ये याबद्दल सावध केलं होतं. त्याच जुलैत अमेरिकेनं हुकूम काढला, की बोइंग ७३७ जातीचं विमान सलग सात दिवस उभं राहिलं असेल तर इंजिनातली एक झडप तपासल्याशिवाय उडवायचं नाही, कारण ती गंजून अडकत होती. सात दिवस, बरं का. महिने नव्हे.

माणसाचंही तेच. नव्वद दिवसांत किमान तीनदा विमान उडवलेलं आणि उतरवलेलं असावं, तरच पायलटनं प्रवासी न्यावेत, असा जगभरचा दंडक आहे. हाताची सवय मोडते.

पण मला जास्त भीती वाटते ती पैशाची. विमानं बंद, उत्पन्न बंद, देणी चालूच. जुलै २०२२मध्ये डीजीसीएनं स्पाइसजेट या कंपनीला नोटीस दिली. त्यात म्हटलं होतं, की कंपनी सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांचे पैसे वेळेवर देत नाही, म्हणून भागांचा तुटवडा पडतोय. कडबनवाडीच्या अपघातानंतर दोनच दिवसांनी, २७ जुलैला, त्या कंपनीला आठ आठवडे निम्मीच उड्डाणं करायचा आदेश निघाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. आपल्याकडच्या अपघातांचं खापर मी करोनावर फोडतही नाही, कारण शोधणं तपास करणाऱ्यांचं काम. पण दुकानदाराची उधारी थकली की खतातली एक गोणी कमी टाकून भागवतो, हे आपण घरात बघितलंय. विमानात तसं भागवून चालत नाही.

आता आमच्या गटाचं सांगते, लपवत नाही. टाळेबंदीत बैठका बंद. बचत कुणी फोनवरून पाठवायची, कुणी सचिवताईंच्या हातात द्यायची. चिठ्ठ्या एका डब्यात. बैठका सुरू झाल्या तेव्हा सगळ्यांना कर्जाची घाई. कुणाला बी-बियाणं, कुणाला मुलाची फी. मीच म्हटलं, "वही नंतर लिहू, आधी कर्ज वाटू." दुसऱ्या गावच्या लेखापालताई वही तपासायला आल्या आणि त्यांनी पाच मिनिटांत विचारलं, "या मावशींनी दोन हप्ते भरलेत, ते कुठायत?" चोरी कुणीच केली नव्हती. चिठ्ठी डब्याच्या तळाशी होती. पण मावशी तीन महिने मान खाली घालून बैठकीला बसत होत्या, कारण आमच्या वहीत त्या थकबाकीदार होत्या. चूक माझी होती. ती मला सापडली नसती, बाहेरच्या बाईला सापडली.

म्हणून अचानक तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यावर चिडणारे लोक बघितले की मला नवल वाटतं. काम बंद होतं तेव्हा तपासणी सैल झाली तर समजू शकतो. करोनात पायलटांच्या दारू-तपासणीतही सूट दिली होती, ती पूर्ववत व्हायला १५ ऑक्टोबर २०२२ उजाडला. पण काम जोरात सुरू होतं, तिकिटांना गर्दी होते, पायलट हवेत म्हणून प्रशिक्षणाला मुलं वाढतात, तेव्हा तपासणारे हातही तेवढे वाढायला हवेत. ते वाढवा, हे मागणं आपलंही आहे. विमान पडतं ते आपल्या शेतात.

पडलंच, तर काय करायचं? आधी ११२ला फोन, जखमीसाठी १०८. या छोट्या विमानांच्या पंखांमध्ये पेट्रोलच्या टाक्या असतात, म्हणून विडी-काडी लांब, मुलं त्याहून लांब. आतल्या माणसाला वाचवण्यासाठी जे हलवावं लागेल ते हलवा. बाकी एक तुकडाही उचलू नका, आठवण म्हणून तर नाहीच. अपघाताचा तपास विमान अपघात तपास ब्युरो करतं आणि एखादा वाकडा खिळासुद्धा त्यांना कारण सांगू शकतो. कायद्यानंही तो हलवायला मनाई आहे.

गावकरी काय करू शकतात ते केरळात कोळिकोडला दिसलं. ७ ऑगस्ट २०२०ला करोनात अडकलेल्यांना दुबईहून आणणारं विमान धावपट्टीच्या पुढे जाऊन खाली कोसळलं. २१ माणसं गेली, त्यात आपले मराठी कॅप्टन दीपक साठेही. त्या रात्री भर पावसात, करोनाची धास्ती असताना, शेजारच्या लोकांनी स्वतःच्या गाड्यांतून जखमींना दवाखान्यात पोचवलं.

शेवटचं एक. २०२३च्या १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी १५ हजार बचत गटांना ड्रोन देण्याचं जाहीर केलं. आपल्यातल्या काही ताई फवारणीचा ड्रोन चालवायला शिकतील, म्हणजे त्याही डीजीसीएच्या नियमाखाली येतील. प्रशिक्षण मान्यताप्राप्त संस्थेतच घ्या. नकाशावर लाल, पिवळे, हिरवे पट्टे आहेत, विमानतळाजवळ ड्रोन सहज उडवता येत नाही. कटफळ, गोजुबावीच्या गटांनी अर्ज भरण्याआधी तो नकाशा बघावा. आणि ड्रोन पावसाळाभर गोठ्यात पडून राहिला, तर पहिल्या फवारणीआधी तो दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या.

पुढच्या सोमवारी सोयाबीनच्या बियाण्याची उगवण घरी कशी तपासायची ते बघू. नमस्कार.