मैलागणिक कर आणि लोकांचा विरोध

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



२००७ सालच्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या पंतप्रधानांपुढे एक विनंतीअर्ज आला. मोटार जितके मैल चालेल तितका कर घेण्याची व त्यासाठी गाडीच्या हालचालींवर नजर ठेवण्याची योजना सोडून द्यावी, एवढीच त्यातील मागणी. सुमारे १८ लाख लोकांनी त्यावर सह्या केल्या होत्या. टोनी ब्लेअर यांना सह्या करणारांस उत्तर धाडावे लागले आणि पुढे ती देशव्यापी योजना बासनात गेली. कोणी लोकमताचा विजय म्हणून या घटनेचे स्वागत केले, कोणी मोटारवाल्यांचा स्वार्थ म्हणून नाके मुरडली. दोन्ही निदाने उथळ आहेत.

योजनेमागील विचार जुना आहे. रूबेन स्मीड यांच्या समितीने १९६४ मध्येच तो ब्रिटिश सरकारपुढे मांडला होता. गर्दीच्या वेळी रस्त्यावर येणारी मोटार स्वतःचा वेळ खर्च करते, तसाच मागे खोळंबलेल्या शेकडो जणांचाही करते. या दुसऱ्या नुकसानीची किंमत मात्र ती मोजत नाही. ती वसूल केली तर ज्यांची निकड कमी ते दुसरी वेळ किंवा दुसरे साधन शोधतील. वाहतूकमंत्री अ‍ॅलिस्टर डार्लिंग यांनी २००५ मध्ये मांडलेल्या कल्पनेत मोकळ्या ग्रामीण रस्त्यावर मैलाला २ पेन्स, तर ऐन गर्दीत सर्वांत गजबजलेल्या रस्त्यावर १ पौंड ३४ पेन्स असे दर होते.

तर्क म्हणून यात खोट काढणे कठीण. परंतु निकड एकदा पैशाने मोजू लागले की श्रीमंताची लहर गरिबाच्या गरजेहून जड भरते. आठच्या ठोक्याला कामावर हजर होणे ज्याला भाग आहे तो कामगार वेळ निवडू शकत नाही. ती मुभा साहेबाला असते. (बाजाराचा आद्य पुरस्कर्ता समजला जाणारा अ‍ॅडम स्मिथसुद्धा चैनीच्या घोडागाड्यांना मालवाहू गाड्यांपेक्षा अधिक पथकर असावा असे १७७६ मध्ये लिहून गेला. त्याच्या आजच्या भक्तांना ते पान सापडत नाही.) आणि दुसरे साधन निवडायचे, तर ते मुळात अस्तित्वात असावे लागते.

येथेच प्रश्नाचे मर्म आहे. थॅचर सरकारने १९८५ चा वाहतूक कायदा केला आणि १९८६ च्या ऑक्टोबरपासून लंडनबाहेरील बससेवा नियंत्रणमुक्त झाली. कोणत्या मार्गावर बस धावावी आणि भाडे किती असावे, हे खाजगी कंपन्या ठरवू लागल्या. लंडन तेवढे या कायद्यातून वगळले गेले. त्यामुळे केन लिव्हिंगस्टन यांनी १७ फेब्रुवारी २००३ रोजी मध्य लंडनमध्ये दिवसाला ५ पौंडांचा गर्दीकर सुरू केला, तेव्हा त्याआधीच शेकडो जादा बसगाड्या रस्त्यावर आणणे त्यांना शक्य झाले. शिवाय कराचे उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करण्याचे बंधन कायद्याने घातलेले होते. पैसा कोणाच्या तिजोरीत जातो, हा प्रश्न किती ज्वलंत असतो हे महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे ज्यात उतरले त्या कोल्हापूरच्या टोलविरोधी लढ्याच्या मुळाशी तोच होता.

मँचेस्टरची कथा याच्या उलट. डिसेंबर २००८ मध्ये तेथे गर्दीकरावर सार्वमत झाले. कर स्वीकारा, म्हणजे ट्राम, बस आणि रेल्वेवर पावणेतीन अब्ज पौंडांच्या आसपास खर्च होईल, असे आश्वासन होते. महानगराच्या दहाही विभागांनी ते नाकारले. सुमारे ७९ टक्के मते विरोधात पडली. हे मतदार अडाणी नव्हते. ज्या बसच्या मार्गावर आणि भाड्यावर त्यांच्या नगरपालिकांचाच ताबा नव्हता, तिच्या भरवशावर मोटार सोडा असे त्यांना सांगितले जात होते. स्टॉकहोममध्ये क्रम निराळा होता. २००५ मध्ये जादा बसगाड्या आल्या, २००६ च्या जानेवारी ते जुलै प्रत्यक्ष प्रयोग झाला आणि सप्टेंबरात मत विचारले गेले. आरंभी प्रतिकूल असलेल्या शहराने निसटत्या बहुमताने का होईना, कौल दिला.

अर्थात विरोध करणारे सगळेच पीडित असतात असे मानणे भाबडेपणाचे होईल. ब्रिटनमधील सर्वांत गरीब कुटुंबांपैकी अनेकांकडे मोटारच नाही. ती बसच्या रांगेत उभी असतात आणि तीच बस मोटारींच्या गर्दीत अडकलेली असते. मोटारवाल्यांच्या प्रत्येक तक्रारीमागे उभी राहणारी डावी चळवळ या रांगेकडे पाठ फिरवते. पाळतीची भीती मात्र निराधार म्हणता येत नाही. भारतातही सप्टेंबर २०२४ मध्ये महामार्गांच्या टोलनियमांत उपग्रहाच्या साहाय्याने आकारणीची तरतूद केली गेली आहे. तेव्हा हा विषय परका राहिलेला नाही.

पेट्रोलच्या मोटारी कमी होऊ लागल्या तशी ब्रिटनच्या तिजोरीला चिंता पडली. इंधनावरील कर २०११ नंतर दीर्घकाळ वाढवण्याचे धैर्य कोणत्याही सरकारला झाले नाही. २०२२ मध्ये तर तो ५ पेन्सने उतरवला गेला. अखेर नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकात रेचेल रीव्ह्स यांनी एप्रिल २०२८ पासून विजेच्या मोटारींवर मैलाला ३ पेन्स कर जाहीर केला. पाळतीचा आक्षेप टाळण्यासाठी तो केवळ गाडीतील मैलांच्या आकड्यावरून घ्यायचा आहे. गाडी कोठे आणि केव्हा चालली हे न पाहिल्यामुळे गर्दीचा हिशेबही त्यातून गळाला. जेथे बस फिरकत नाही अशा वेल्समधल्या खेड्यातला मैल आणि मध्य लंडनचा मैल एकाच भावाने विकला जाणार. स्मीड समितीच्या युक्तिवादातले यात काहीच उरत नाही. उरते ती महसुलाची गरज.

मँचेस्टरने मात्र सप्टेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आपली बससेवा पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणली आणि जानेवारी २०२५ मध्ये ते काम पुरे केले. सार्वमतानंतर सोळा वर्षांनी.