वय वाढतं तेव्हा मेंदूत काय घडतं?

साठीतल्या माणसाला ओळखीच्या चेहऱ्याचं नाव चटकन आठवत नाही. पण शाळेत पाठ केलेले पाढे तो आजही घडाघडा म्हणतो. असं का होतं?

नव्या घटनांची नोंद करणारा हिप्पोकॅम्पस आणि लक्ष एकवटणारा कपाळामागचा भाग वयानुसार आक्रसतो. त्यामुळे नवी माहिती साठवायला आणि हवी तेव्हा आठवायला वेळ लागतो. शब्दसंग्रह, सायकल चालवणं, विणकाम अशा मुरलेल्या गोष्टी मात्र बऱ्याच टिकतात.

तरीही मेंदू हातपाय गाळत नाही. २००२ साली संशोधक रॉबर्टो काबेझा आणि सहकाऱ्यांनी स्मृतिचाचणी देणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. तरुणांमध्ये कपाळामागचा मुख्यतः उजवा भाग काम करत होता. चाचणीत सरस ठरलेल्या ज्येष्ठांनी डावा आणि उजवा, दोन्ही भाग कामाला लावले होते!

त्याहून दिलासा देणारा प्रयोग २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. १२० ज्येष्ठांपैकी निम्म्यांनी वर्षभर, आठवड्यातून तीनदा, भरभर चालण्याचा व्यायाम केला. त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला. अंग ताणण्याचे हलके व्यायाम करणाऱ्या उरलेल्यांचा थोडा घटला.

चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वयानुरूप असू शकतं. पण रोजचा रस्ता चुकणं, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणं, पैशांचा हिशेब जमेनासा होणं दिसलं, तर घरच्यांनी डॉक्टरांना लवकर भेटावं. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा नैराश्य यांमुळेही विसराळूपणा येतो, आणि त्यावर उपचार आहेत.