हाताला कळणारे वाद्य



कामगार संघटनेचा माणूस विजेच्या वाद्यांवर काय बोलणार, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. पण वाद्य हेही हत्यारच, आणि वादक हा कामकरीच. हत्यार घडविताना ते चालविणाऱ्या हाताला कोणी विचारले होते काय, हा माझा जुना प्रश्न. तोच आज मी सिंथेसायझरला विचारणार आहे.

आपली पेटीच घ्या. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. सूर उजव्या हाताचा, त्यातला जोर आणि जीव डाव्याचा. पेटीवाला पेटीकडे न पाहता गवयाच्या तोंडाकडे पाहतो. वाद्य हाताला कळले म्हणजे असे होते.

अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या सोबतीने आपले यंत्र घडवायला घेतले. सुराला आरंभ आणि शेवट कसा द्यावा, हा प्रश्न निघाला, तेव्हा दारावरच्या घंटीचे साधे बटण जोडून प्रयोग झाला. पण पुढे तयार झालेले यंत्र म्हणजे एक कपाटच! आवाज बदलायचा तर टेलिफोन एक्स्चेंजप्रमाणे वायरी काढायच्या नि खोचायच्या. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत हे चालते. मैफलीत वायर सापडेपर्यंत सम थांबत नाही.

१९७० साली मिनिमूग आले. निवडक जोडण्या आतच कायमच्या केल्या गेल्या. असंख्य जोडण्यांची मोकळीक गेली खरी. पण त्या बदल्यात वेग मिळाला. आवाज ज्या क्रमाने घडतो, त्याच क्रमाने फिरती बटणे डावीकडून उजवीकडे मांडली: आधी सूर निर्माण करणारे भाग, मग मिश्रण, मग गाळणी. पट्ट्यांच्या डाव्या टोकाला दोन चाके बसविली. एकाने सूर वरखाली सरकतो, दुसऱ्याने त्यात कंप भरता येतो. एका वेळी एकच सूर वाजे. पण पेटीला न साधणारी मींड तिथे डाव्या हातात आली.

१९८३ साली जपानच्या यामाहा कंपनीचे डीएक्स-७ आले. एका वेळी सोळा सूर, बोटाच्या आघाताला साद देणारे, गुणाचे वाद्य. परंतु आवाज घडविण्याची शंभरावर मापे एका छोट्या पडद्याआड गेली. एकेक माप शोधायचे आणि एकाच सरकपट्टीने बदलायचे. परिणाम काय झाला? बहुतेक वादक कारखान्याने भरून दिलेल्या आवाजांवरच थांबले. वादक काही आळशी नव्हते. आवाज घडविण्याचे कसब त्यांच्या हातून निघून कारखान्यात गेले, इतकेच. गिरणीकामगारांच्या या गावाला ही गोष्ट नवी नाही.

पुढे बाजारालाही उमगले. २०१६ साली आणि पुन्हा २०२२ साली मिनिमूग नव्याने बनविले गेले. अनेक नव्या वाद्यांवर फिरती बटणे परत आली.

म्हणून वाद्य घडविणाऱ्यांना माझी तीन मागणीपत्रे आहेत. मंचावरच्या अंधारात हाताला बटण सापडावे. फिरविताच फरक कानी यावा. चूक झाली तर पुढच्या समेआधी सावरता यावी. आणि ही कलमे लिहिताना वादकाला टेबलाशी बसवा. वाद्य तयार झाल्यावर त्याची नुसती शाबासकी मागू नका.